न उसवलेली गादी

बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी धक्क्यावरच्या बंद खोलीत जावं लागतं. दहा बाय बाराची खोली, पांढऱ्या भिंती, दाराच्या फटीला पत्र्याची पट्टी, मधोमध लांब टेबल. तिथे पिशव्या उलट्या करायच्या, बुटांचे तळ दाखवायचे, खिसे बाहेर काढायचे. पुठ्ठ्याचं खोकं चालत नाही, पोतं तर नाहीच. माल जातो तो झाकणाच्या बादल्यांतून. हा नियम अकरा वर्षं जिने पाळला आणि पाळायला लावला, तिला सगळे झडतीबाई म्हणतात. वय चोपन्न. वनखात्याच्या मोठ्या साहेबांची छत्री तिने उघडून झटकली होती. सख्ख्या बहिणीच्या पर्सचं अस्तर उलटं केलं, तेव्हा बहीण दोन वर्षं बोलली नाही.

एवढा बंदोबस्त एका काळ्या समुद्रपक्ष्यासाठी आहे. त्याची हाक रडक्या मुलासारखी, म्हणून लोक त्याला रडवा म्हणतात. तो जमिनीत हातभर लांब बीळ खोदतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. त्या बेटावर पूर्वी चार पायांचं काही नव्हतंच, त्यामुळे उंदीर दिसल्यावर पळायचं असतं हे त्याला माहीत नाही. तो बसून राहतो आणि उंदीर त्याला मानेपासून खायला सुरुवात करतो. जुन्या जहाजांतून आलेल्या उंदरांनी बेट जवळजवळ रिकामं केलं होतं. ते उंदीर विष घालून संपवायला दोन हिवाळे लागले. या हंगामात बेटावर रडव्याची बासष्ट बिळं होती. जगात इतरत्र एकही नाही.

हंगामाचे चार महिने झडतीबाई बेटावरच राहते, पायऱ्यांशेजारच्या एकखणी लाकडी घरात. रोज सकाळी बेटभर ठेवलेले मेणाचे ठोकळे तपासायचे. मेणाला शेंगदाण्याचा वास असतो. उंदीर असेल तर चावतो आणि दातांची खूण राहते. रोज पाच तास चढउतार. संध्याकाळी वहीत एकच शब्द: स्वच्छ.

यंदा तिची पाठ धरली होती. नवरा गाद्या भरतो. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा कापूस असतो. त्याने तिच्यासाठी जाड गादी भरली, चारही कडांना दुहेरी टाके घातले. हे टाके मी मेल्यावरही निघायचे नाहीत, असं तो म्हणाला; त्यावर ती म्हणाली, आधी पाठ सरळ होऊ दे, मग मरा. गादी रात्रभर कापसाच्या खोलीत पडली आणि सकाळी धक्क्यावर आली.

नियम साधा आहे: शिवलेली वस्तू उसवायची, कापूस टेबलावर पसरायचा. झडतीबाईने बंद खोलीत स्वतःच्या बादल्या उपसल्या, बूट घासले. गादीवरून हात फिरवला, दोनदा थोपटली. टाके कापायला कात्री घेतली आणि ठेवून दिली. होडी चालवणारा तिचा धाकटा दीर दारात उभा होता. त्याने विचारलं, वहिनी, ही नाही उघडायची? ती म्हणाली, तुझ्या भावाचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी गादीच्या खालच्या बाजूला तिला बोटभर भोक दिसलं. धक्क्यावरच्या खिळ्याने फाटलं असेल, असं म्हणून तिने ते शिवून टाकलं.

पुढच्या आठवड्यांत घराजवळच्या चार बिळांतली अंडी गेली. तिने वहीत लिहिलं: अंडं खराब. मग पिल्लं बाहेर आली, त्यांतली तीन नाहीशी झाली. तिने लिहिलं: पाणी शिरलं. ठोकळे स्वच्छच होते. ताजं मांस मिळत असताना मेण कोण खाणार, हे तिला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

सातव्या आठवड्यात सतराव्या ठोकळ्यावर दोन समांतर चरे दिसले. ती तिथेच मातीत बसली. मग उठून वायरलेसवर गेली.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांवर काम करणारी डॉक्टरबाई सापळे घेऊन आली. एकतिशीची, झडतीबाईला मावशी म्हणणारी. तिने पहिला प्रश्न केला तो उंदीर कुठून आला असेल हा. त्यावर सापळे कुठे लावायचे ते ठरणार होतं. उत्तरेच्या खडकांवर महिन्यापूर्वी मासेमारीची एक नाव घासली होती. डॉक्टरबाई म्हणाली, तीच असणार. झडतीबाईने सापळ्यांची बादली उचलली. सगळे सापळे उत्तरेला लागले.

दोन दिवस उत्तरेला काही सापडलं नाही. त्या दोन दिवसांत घराच्या बाजूची अकरा बिळं रिकामी झाली. तिसऱ्या सकाळी झडतीबाईने एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला आणि हाताला पिल्लाचा मागचा अर्धा भाग लागला. तो तिने डॉक्टरबाईसमोर ठेवला.

"नावेतून नाही," ती म्हणाली. "माझ्या गादीतून."

दीर होडीतून सामान उतरवत होता. त्याने बादली खाली ठेवली. "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं, वहिनी," तो हळूच म्हणाला. तिने मान हलवली.

डॉक्टरबाईने फक्त तारीख विचारली. बोटांवर आठवडे मोजले आणि सापळे उचलायला निघाली. त्या संध्याकाळी घराच्या पायरीखालच्या सापळ्यात उंदराची मादी सापडली. तिची आचळं ओढलेली होती. म्हणजे तिने पिलं पाजून मोठी केली होती. तिघांनी मिळून घराची जमीन उखडली. फळ्यांखाली पांढऱ्या कापसाचं घरटं होतं, पिंजलेलं, मऊ. आत कोणी नव्हतं. एका वेताला आठ-दहा होतात, आणि ती आता बेटभर होती. सापळ्यांनी आवरणारं काम राहिलं नव्हतं. पुन्हा विष, पुन्हा दोन हिवाळे.

बेटावरची सगळी बिळं तपासली, तेव्हा जिवंत पिल्लं एकोणीसच उरली होती. खात्याकडून निरोप आला: उचला, मुख्य भूमीवर उंदीर शिरू नयेत म्हणून कुंपण घातलेल्या टेकाडावर हलवा. झडतीबाईने पहिल्यांदाच आवाज चढवला. रडवा पिल्लू असताना बिळातून बाहेर येऊन जे आकाश बघतो, त्याच जागी तो मोठा होऊन परततो. त्या टेकाडावर याआधी नेलेल्यांपैकी एकही परतलेला नाही.

"नेलीत तर परत येणार नाहीत, बाई."

"ठेवली तर राहणार नाहीत, मावशी."

कोणतं बीळ कुठे वळतं हे तिच्याच हाताला ठाऊक होतं, म्हणून पिल्लं तिनेच काढली. गुडघे टेकून, गाल मातीला लावून, एकेक. पिल्लं चावत नव्हती, ओरडत नव्हती. हातात येऊन बसत होती. दुपारपर्यंत एकोणीस झाली. होडीत जाऊन बस, असं दीर दोनदा म्हणाला, भाऊ वाट बघतोय असंही म्हणाला. तिने उंदरापुरतंच भोक असलेल्या विषाच्या पेट्यांची पहिली रांग स्वतः लावायची परवानगी मागितली. खात्याने बदली माणूस येईपर्यंत दहा दिवस मंजूर केले.

दुसऱ्या सकाळी ती पेट्या घेऊन चढणीला लागली. ज्या बिळांतून काल पिल्लं काढली होती, त्यांच्या तोंडाशी ताजी माती उकरलेली होती. आईबाप समुद्रावरून चारा घेऊन आले होते, आत जाऊन बाहेर आले होते, पुन्हा आत गेले होते. पंजांचे ठसे एकावर एक पडले होते. पहिल्या बिळाशी तिने पेटी टेकवली, विषाची वडी आत सरकवली, वहीत क्रमांक लिहिला आणि पुढच्या बिळाकडे गेली. तिथेही माती उकरलेली होती.