रद्दीच्या गठ्ठ्यातला हिरवा पाला

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून हे लिहायला संकोच वाटतो... एवढं शिकून हेच मानायला लागली का, असं कोणी म्हणेल. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं सांगते.

गेल्या पौषातली गोष्ट. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मी बोथजवळच्या एका देशमुखांकडे त्यांच्या वडिलांचं, आबांचं, ग्रंथालय बघायला जायचे. एक खोली, एकच दार, खिडक्यांना जाळी. सागवानी कपाटांत मराठी, तेलुगू, उर्दू पुस्तकं शेजारी-शेजारी.

देशमुखकाकांना ती खोली कापसासाठी हवी होती. मराठी-तेलुगू पुस्तकं ते वरच्या माडीवर नेणार होते. “उर्दू आता कोनाले वाचता येते, पोरी? ठेवून काय करतं?” ते म्हणाले. मलाही येत नव्हती. मीच ती पुस्तकं काढली, सुतळीनं गठ्ठे बांधले. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. काका पहाटेच शेतावर जाणार, म्हणून किल्ली मला दिली. रात्रभर ती तलमडुगुला, आमच्या घरी, माझ्या बॅगेत होती.

सकाळी कुलूप मीच उघडलं. सुतळीच्या गाठी माझ्याच होत्या. फोटो काढायला एक गठ्ठा सोडला, तर पुस्तकात कडुनिंबाचा पाला – हिरवागार. चुरडला तर बोटं ओली झाली. दुसऱ्या पुस्तकात तेच... प्रत्येक गठ्ठ्यात तेच. कपाटातल्या पुस्तकांतही पाला होता, पण जुना, हात लावताच भुगा होणारा.

काका शेतावरून आले. मी दाखवलेला पाला त्यांनी नाकाशी धरला. मग म्हणाले, “कसर लागू नये म्हनून आबा पाडव्याले पैला लिंबाचा पाला पुस्तकाले ठेवत, मंग आमाले खायाले देत. ते गेल्यावर कोनंच ठेवला नाही.”

काकी दारातून म्हणाल्या, “मामंजी आलेच होते तं कोळ्याच्या जाळ्या बी काढून जायाच्या होत्या.”

कोणी हसलं नाही. काका उघड्या पानाकडे बघत होते. उर्दू मजकुराच्या कडेनं समास बारीक मराठी अक्षरांनी भरलेला होता. “आबाचं अक्षर हाय,” ते म्हणाले. तिन्ही भाषा तो एकच माणूस वाचत होता, आणि मी त्याचे गठ्ठे वेगळे केले होते.

रद्दीवाला रिकामा परत गेला. यंदा कापूस ओसरीवरच आहे.

दुसरी किल्ली नाही, जाळी शाबूत आहे, सगळं तपासलं. मी उर्दू शिकायला घेतली आहे, अजून अलिफ-बे वरच अडकलेय. कधीतरी ती पुस्तकं वाचता येतील. पाला कोणी ठेवला, हे मात्र तेव्हाही कळेल असं वाटत नाही.