बहरीन: दाजींच्या खिशातली किल्ली

बहरीनला जायचं ठरलं ते अक्काच्या एका फोनवर. अक्का म्हणजे माझी चुलत बहीण. तिचा नवरा, आमचे दाजी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं तिकडे जनाबिया भागातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे कुंपणाआडच्या वसाहतीत, सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. अक्का म्हणाली, "साऱ्या महाराष्ट्रात घसा फोडत हिंडतूस, एकदा आमच्या मराठी मंडळात येऊन बोल की. वार्षिक सभा हाय. सभेत आधी तुझं व्याख्यान, सभेनंतर जेवण."

मी विषय कळवला: आशियातल्या नव्या लोकशाह्यांमध्ये लष्कर आणि राजकीय पक्ष यांचं नातं. अक्का म्हणाली, "काय बी बोल. फकस्त तासात आवर."

एक अट मी स्वतःहून घालून घेतली. यजमान देशाच्या राजकारणावर परक्याने मंचावरून बोलू नये, आणि आपल्या बोलण्याने तिथे पोट भरणाऱ्यांच्या व्हिसाला धक्का लागू नये. बाकी आशिया मोठा आहे.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगतो. ई-व्हिसा घरबसल्या निघतो. मुंबईहून विमान इतक्या लवकर पोचतं की पुण्याहून कोल्हापूरला एसटीने जायला त्याहून जास्त वेळ लागतो. एक दिनार म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये, आणि एका दिनारात हजार फिल्स, त्यामुळे हा हिशेब डोक्यात बसेपर्यंत काही विकत घेऊ नका. हिवाळ्यातच जा. मी जानेवारीत गेलो, तर संध्याकाळी अंगात स्वेटर होता.

विमानतळावर दाजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, पांढऱ्या मिशा. माझी बॅग त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही, काढून घेतली. "विमान बारा मिंटं लवकर आलं," असं त्यांनी विमानाला शाबासकी दिल्यासारखं सांगितलं.

त्यांचा फ्लॅट उम्म अल हस्समला आहे. खाली केरळी किराणा, शेजारी फिलिपिनो सलून, समोर इराणी रोटीची भट्टी. सकाळी भट्टीतून आलेली गरम खुब्ज आणि अक्काची मटकीची उसळ हा नाश्ता मी चारही दिवस केला आणि पाचव्या दिवशीही केला असता.

पहिल्याच दिवशी त्या नाश्त्याला मला किल्लीची गोष्ट कळली. मंडळाचं सामान, म्हणजे गणपतीचं मखर, ढोल, स्पीकर, सतरंज्या, जनाबियाच्या कंपाउंडमधल्या एका खोलीत असतं. मंडळाची जुनी रीत अशी, की वार्षिक सभा सुरू होताना मावळत्या अध्यक्षाने त्या खोलीची किल्ली ताटात ठेवायची आणि जाऊन लोकांत बसायचं. सभा ज्याला निवडेल तो ताटातून किल्ली उचलतो. गेल्या वर्षी मात्र कोकणवाल्यांचं पॅनेल आणि घाटावरच्यांचं पॅनेल असं भांडलं, की निवडणूक न होताच लोक तणतणत घरी गेले. किल्ली ताटातच राहिली.

"मग?"

"मग काय," दाजी म्हणाले. "हॉल रिकामा करायचा हुता. मी उचलली."

"तवापासनं ह्यांच्या हातात मंडळ कसं चाललंय बघ," अक्काने भरच घातली. "आरती टायमावर, जेवण टायमावर. भांडण मफी, औषधालाबी न्हाई!"

मी मनापासून दाद दिली. वक्तशीर मंडळ मी महाराष्ट्रात अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनामाचा बाजार पाहिला. बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरा आणि पाय नेतील तिकडे जा. मसाले, मोती, सोनं, आणि मधेच एका गल्लीत आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं कृष्णाचं देऊळ. दमलात की कडक चहा प्या. त्याला इथे 'करक' म्हणतात, थोड्या फिल्समध्ये मिळतो आणि नाव सार्थ करतो.

चहाच्या टपरीवरचा माणूस बांगलादेशी होता. मी काय करतो हे त्याने विचारलं, मी विषय सांगितला. त्याने कप पुसत पुसत सांगितलं, "साब, हमारे यहाँ दो पार्टी लडता था. रोज हडताल, रोज बंद. फिर फौजवाला पीछे से सरकार चलाया. रास्ता साफ हो गया. अच्छा लगा."

"फिर?"

"फिर लंबा हो गया." तो हसला. "मेहमान अच्छा है, साब, पर मेहमान सोफे पे सोने लगे तो?"

शेजारी उभा असलेला पाकिस्तानी ड्रायव्हर म्हणाला, "सोफा भी उसी का हो जाता है, भाई." दोघे मोठ्याने हसले. मी त्या हसण्यावर व्याख्यानाची सुरुवात करायची असं ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी अरादचा किल्ला. दाजी गाडी चालवत होते, सोबत मंडळाच्या चिटणीस प्रज्ञाताई होत्या. त्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहेत, गाव परभणीकडचं, घरात बुद्धवंदना आणि बोलण्यात धार. अरादचा किल्ला आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो: भुईकोट, चौकोनी, कोपऱ्यांवर गोल बुरूज, भोवती खंदक, पलीकडे उथळ निळी खाडी. संध्याकाळी जा, भिंती मधासारख्या दिसतात.

बुरुजावर माझ्यातला वक्ता जागा झाला. मी सांगू लागलो, की शिवरायांनी गड एकाच माणसाच्या हातात दिला नाही. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि दफ्तर सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. हवालदार वाईट असेल म्हणून नव्हे, तर तो चांगला असला तरीही! सत्तेला सोबत हवी, हे आपल्या मातीला तेव्हाच कळलं होतं.

प्रज्ञाताई शांतपणे म्हणाल्या, "सर, आणि आमचे लोक कुठं होते त्यात?"

मी हवालदार, सबनीस, कारखानीस ही यादी पुन्हा मनात चाळली.

"गडाच्या घेऱ्यात, पायथ्याला," त्यांनीच उत्तर दिलं. "पहारा आमचा. किल्ली कुणाकडे, यावर मत नाही."

दाजी चहा आणायला खाली उतरले तेव्हा त्या पुढचं बोलल्या. उद्याच्या सभेत त्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहणार होत्या. मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत गणपती आहे, हळदीकुंकू आहे, शिवजयंती आहे. आंबेडकर जयंती नाही. "सुभेदार साहेबांना मी विचारलं. म्हणाले, ताई, हॉल देतो, खुर्च्या देतो, स्पीकर देतो. देतातही, एक मिनिट उशीर नाही. पण सर, *देतात*. आमचं मंडळ असेल तर आम्हाला देणारे हे कोण?" मग खाडीकडे बघत म्हणाल्या, "आता उद्या निवडणूकच होणार नाही म्हणतात. दोन्ही पॅनेलनी मिळून ठरवलंय. सुभेदारांनाच दोन वर्षं राहू द्यायचं. एकमेकांना देण्यापेक्षा यांना दिलेलं बरं."

मी भिंतीला टेकलो. ज्या गोष्टीवर मी वीस व्यासपीठांवर गरजलो होतो, ती इथे मखराच्या खोलीपुढे उभी होती. थायलंडमध्ये रस्त्यावर उतरलेल्या रणगाड्यांना लोकांनी फुलं दिली, पाकिस्तानात सरकार पडल्यावर मिठाई वाटली गेली, म्यानमारमध्ये लष्कराने संसदेतल्या पाव जागा घटनेतच लिहून घेतल्या. या सगळ्यात लष्कर दार फोडून आलं, असं आपण म्हणतो. पुष्कळदा दार आतून उघडलेलं असतं, आणि कडी काढणारा हात हरायला तयार नसलेल्या पक्षाचा असतो.

घरी जाऊन मी दाजींशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मी काय रणगाडा आणलाय व्हय? मखर सांभाळतोय."

"मग उद्या किल्ली ताटात ठेवा."

"आणि ही मंडळी पुन्हा भांडली तर?"

"भांडू द्या."

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पळी होती. "माझ्या घरात जेवून माझ्या नवऱ्याविरुद्ध भाषण ठोकणार तू? भाऊ म्हणून बोलावला तुला."

"अक्का, दाजींविरुद्ध नाही."

"लोकांला कळंल व्हय त्यातलं? लोक म्हणतील, सख्ख्या मेव्हण्यानं उतरवला." रागात तिने चुलतच्या जागी सख्खा म्हटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. हामूर मासा तिने केला होता, अप्रतिम. त्या जेवणात कुणी कुणाला आग्रह केला नाही.

शुक्रवारी सकाळी जनाबिया. मनामाहून जाताना खजुरीची झाडं, भिंतीआडचे व्हिला, आणि पुढे सौदीकडे जाणारा समुद्रावरचा पूल. कंपाउंडच्या क्लबहाऊसमध्ये खुर्च्या दोरी धरल्यासारख्या लागल्या होत्या. टेबलावर ताट, ताटात नारळ. सभा सुरू झाली तरी किल्ली नव्हती.

मी बोललो. टपरीवरचा सोफा सांगितला, लोक हसले. मग मी आवाज चढवला. आपल्या देशाची फौज बराकीत राहिली, हा आपला मोठा भाग्ययोग आहे आणि त्याचं अर्धं श्रेय या खोलीत बसलेल्या दाजींसारख्या सैनिकांना आहे, असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या. अक्काने माझ्याकडे पाहिलं, थोडं मऊ. तिथेच थांबलो असतो तर जेवण गोड झालं असतं.

"पण उरलेलं अर्धं श्रेय," मी म्हणालो, "त्या बेशिस्त, भांडकुदळ, हरल्यावरही पुन्हा मतं मागणाऱ्या पुढाऱ्यांना आहे. कारण त्यांनी आपली भांडणं घेऊन बराकीचं दार वाजवलं नाही. ज्या दिवशी पक्ष म्हणतो, मी नाही तर तोही नको, त्या दिवशी तो तिसऱ्याला हाक मारतो. तो तिसरा देवमाणूस असला तरी लोकांचा हात रिकामाच राहतो. या मंडळाची रीत मी ऐकली. जगातल्या कितीतरी राज्यघटनांपेक्षा ती सरस आहे. आज ताटात किल्ली का नाही?"

कोकणवाल्यांचे पुढारी, गॅरेजवाले भिकाजी परब उठले. "सर, तुमी पावणे. उद्या विमानान जातलात. हंय भांडणा आमका निस्तरूची लागतत."

घाटावरच्यांचे पाटील म्हणाले, "परबांशी माझं आयुष्यात पहिल्यांदा पटलंय. ते तरी मोडू नका."

मागून कुणीतरी ओरडलं, "यल्ला, चला, सुभेदार साहेबच! खलास, विषय संपला!" टाळ्या सुरू झाल्या.

त्या टाळ्यांत प्रज्ञाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी टाळ्या संपू दिल्या. "मला अध्यक्षपदासाठी उभं राहायचंय. मी पडले तरी चालेल. मला पडायची संधी द्या."

दाजी उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मागितली हुती का किल्ली?"

"नाही दाजी," मी म्हणालो. "चांगल्या सैनिकाने ती कधीच मागितलेली नसते. म्हणून तर परत द्यायचं त्याला कुणी सांगत नाही."

दाजींनी मग खिशातून किल्ली काढली, चालत टेबलापाशी गेले, नारळाशेजारी ठेवली. आवाज लहान झाला, पण सगळ्यांना ऐकू आला. "मी उभा ऱ्हाणार न्हाई," ते म्हणाले, आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढचं सगळं आपल्याला माहीत असलेल्या चालीवर झालं. किल्ली ताटात दिसताच पाटील उभे राहिले. पाटील उभे राहिले म्हणून परब उभे राहिले. एका रात्रीची युती खुर्चीच्या अंतरावर मोडली. हात वर झाले, पॅनेलची मतं दुभंगली, आणि थोडक्यात, अगदी थोडक्यात प्रज्ञाताई निवडून आल्या. परब म्हणाले, "पाटलानु, तुमी बसला असतास तर!" पाटील म्हणाले, "तुम्ही का नाही बसलात?" भांडण जेवणाच्या रांगेतही चालू होतं. मटणाचा रस्सा निवला. जेवण तासभर उशिरा झालं.

अक्का माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुहर्रकच्या हलव्याचा डबा बॅगेत ठेवला, तोही दाजींच्या हातून. (हा हलवा जरूर आणा, केशर आणि वेलचीचा, चिकट, महिनाभर टिकतो.) दाजी मला विमानतळावर सोडायला आले. रस्ताभर फक्त एकदा म्हणाले, "रस्सा निवला काल." मी म्हणालो, "हो." आत जाताना त्यांनी हात मिळवला, घट्ट, पण 'पुन्हा या' म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर लोक विचारतात, बहरीन कसं आहे. मी अराद सांगतो, करक सांगतो, हामूर सांगतो. ज्याचा मला अभिमान वाटतो आणि ज्याची बोच आहे, ते एकच आहे, आणि ते सांगायला जरा वेळ लागतो. मी बरोबर होतो असं आजही मानतो. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या देखत बरोबर असणं किती महाग पडतं, हे मात्र कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. अक्काला मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा दाजींनी उचलला. "ती कामात हाय," असं ते म्हणाले.

एप्रिलमध्ये दाजींचा आवाजी निरोप आला. तो जसाच्या तसा देतो.

"आंबेडकर जयंती झाली मंडळाची. पत्रिकेत नाव हुतं. पाऊण तास उशीर. माइक दोनदा बंद पडला. अक्कानं खीर केली हुती शंभर लोकांची, तुला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतोय. ताईंनी मला खुर्च्या लावायला सांगितल्या. गोलात. मी म्हटलं, ताई, गोलात मागच्याला दिसत न्हाई. त्या म्हणाल्या, साहेब, गोलातच. चूक हुतं ते. मागच्याला खरंच दिसलं न्हाई."

मध्ये थोडा श्वास ऐकू येतो.

"लावल्या मी. गोलात."