बखरकारांचं माणिक

खड्यांच्या दुकानात त्यांना सगळे बखरकार म्हणत. माल मालकांचा, काउंटर मालकांचा, इतिहास मात्र सगळा यांचा. नोकरीला लागले तेव्हा तेही इतरांसारखे रंग, पैलू, चमक असलं काहीबाही सांगत, आणि गिऱ्हाईक मान डोलावून निघून जाई. मग एकदा एक गढूळ पाचू काही केल्या खपेना, तेव्हा यांच्या तोंडून सहज निसटलं की हा एका राणीच्या कंबरपट्ट्यातला. कोणती राणी, हे कोणी विचारलं नाही. पाचू मात्र खपला.

त्यानंतर बखरकारांनी मागे वळून पाहिलं नाही. नीलम आला की त्याच्यामागून एक पदच्युत राजा यायचा, मोती आले की बुडालेलं जहाज. भट्टीत भाजून, भेगांत काच भरून तुकतुकीत केलेला खडा यांच्या जिभेवरून घरंगळला की थेट खजिन्यात जाऊन पडे. काच भरल्याचं ते कधी लपवत नसत. कोणी विचारतच नसे, त्याला ते काय करणार?

नवी गोष्ट ते आधी जेवताना बायकोला ऐकवत. ती वाढता वाढता चुका काढी. मागच्याच महिन्यात एका राणीला विष दिलंत, आता हिला घोड्यावरून पाडा, असं ती सुचवे आणि ते निमूट पाडत. इतक्या राण्या त्या जेवणाच्या टेबलाशी येऊन मरून गेल्या, पण बायकोच्या बोटात कधी एक खडा चढला नाही. तिने विषय काढला की बखरकार एकदम शास्त्रज्ञ होत. अगं, दगड तो शेवटी, त्यात काय एवढं, म्हणून हात धुवायला उठत.

एक दिवस मालक बाहेर गेलेले असताना एक निवृत्त मेट्रनबाई दुकानात आल्या. कायमच्या लेकाकडे निघाल्या होत्या, घर आवरत होत्या, बोटातली माणकाची अंगठी विकायची होती. बाईंचा आवाज असा, की समोरच्याने आपसूक नाडी पुढे करावी. अंगठी यजमानांनी दिलेली, ते आता नाहीत, असं त्यांनी सांगितलं. माणिक एका राणीचं. शिकारीला गेली असताना ती घोड्यावरून पडली, राणी गेली, माणकाला ओरखडासुद्धा नाही. हॉस्पिटलमधल्या मोठ्या सर्जनांनीही ते अस्सल असल्याचं ओळखलं होतं. पोटं फाडणाऱ्याला माणकातलं काय कळतं, हे बखरकारांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या अंगावर काटा आला होता.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. आत निळसर झाक होती, बारीक बुडबुडे होते. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर त्यांनी काच भरलेलं म्हणून परत केलं असतं. पण भिंगातून खडा दिसतो, राणी थोडीच दिसते? बाईंनी सांगितलेली किंमत ऐकून तर त्यांना कीवच आली. बिचारीला आपल्या बोटात काय आहे याचा पत्ता नाही! मालकांच्या कानावर न घालता, अडीअडचणीला ठेवलेले पैसे मोडून, त्यांनी अंगठी स्वतःच घेतली.

घरी येऊन त्यांनी ती बायकोच्या बोटात घातली आणि सगळी हकीकत घोगऱ्या आवाजात सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, या राणीला घोड्यावरून तुम्हीच पाडलंत. तेही मी सांगितलं म्हणून."

बखरकार दुखावले. राण्या काय, कुठेही घोड्यावरून पडत असतात, असं म्हणाले. तिने वाद घातला नाही, अंगठीही काढली नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली वस्तू, खरीखोटी कशाला बघा? पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसाठी तिने बचकभर लिंबं पिळली आणि संध्याकाळपर्यंत माणकावर मोतीबिंदू चढावा तसं पांढरं जाळं पसरलं. लिंबाने माणकाला काही होत नाही, भेगांत भरलेल्या काचेला होतं. हे बखरकारांना नोकरीला लागल्या लागल्या शिकवलं होतं.

पैसे गेले ते गेलेच. त्यांना सलत होतं ते वेगळंच. मेट्रनबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या यजमानांना कधीकाळी आपणच मारलेली थाप त्यांनी इतकी वर्षं मनोभावे सांभाळली, आणि आपल्यापेक्षा छान सांगितली.

मग त्यांनी खरं बोलून पाहिलं. लग्न ठरलेलं एक जोडपं आलं, तेव्हा सरळ सांगितलं, की हा खाणीतून निघाला, भट्टीत भाजला, भेगा काचेने भरल्या, दिसतो छान, आंबटापासून जपा.

"पण आधी कोणाचा होता?" मुलीने विचारलं.

"कोणाचाच नाही."

दोघं समोरच्या दुकानात गेली आणि एका सेनापतीचा पुष्कराज घेऊन बाहेर आली. मालकांनी काचेतून ते पाहिलं, बखरकारांच्या तब्येतीची आस्थेने चौकशी केली, आणि त्यांना माळा ओवायच्या टेबलावर बसवलं.

आता ते तिथेच असतात. तुटलेल्या माळा घेऊन बायका येतात आणि पणजीच्या मोत्यांच्या हकिकती सांगतात. बखरकार प्लास्टिकचे मणी एकेक करून ओवत मन लावून ऐकतात, मध्येच "हो का" म्हणतात.

"खरे आहेत ना हो?" जाताना एखादी विचारतेच.

"दोरा एकदम पक्का घातलाय," ते सांगतात.