एक चमचा मामाले

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्या दिवशी परतवाड्यातल्या आमच्या घराचं सारं भवितव्य एका अडीच वर्षांच्या मुलीच्या लघवीवर अवलंबून होतं.

मुलगी म्हणजे माझी भाची गुड्डी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर अकोल्याहून आली आणि तिला जुलाब लागले. सकाळी डॉक्टरांनी तपासून ओआरएसची पुडी दिली. "उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खी पुडी टाका. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. पोरगी मलूल झाली किंवा दुपारपर्यंत लघवी झाली नाही, तर उचलून इकडे आणा."

माझी बहीण सुषमा एवढी घाबरली, की तिने दवाखान्याची पिशवी भरून दारात ठेवली आणि ऑटोवाल्यालाही सांगून ठेवलं.

पाणी तयार झालं. गुड्डीने ओठ मिटले.

"आण इकडे," मी म्हणालो. (गावच्या गणपतीतल्या नाटकात राजा मीच असतो.) मी पोपट झालो, बैल झालो, अंजनगावच्या बसचा कंडक्टर झालो. ओठ मिटलेलेच. मग आमच्या घरची जुनी रीत काढली: मूल खात नसेल तर आधी मोठ्या माणसाने आ करायचा.

"एक चमचा मामाले, एक चमचा गुड्डीले."

मी माझा प्यालो. तिने तिचा थुंकला आणि हुकूम सोडला, "मामाले."

"दादा, जुलाब पोरीले लागले, तुले नाही," सुषमा म्हणाली.

"तू चूप बस. मी वातावरण तयार करून राहिलो."

वातावरण तयार झालं, पण माझ्यासाठी! गुड्डी मांडीवर, समोर कूलर, त्यात ओल्या वाळ्याचा वास. बघता बघता मी एका नदीवर तरंगू लागलो. दोन्ही काठांना संत्र्याच्या बागा, पाण्यावर पांढरा बहर पडतोय. एक गुबगुबीत मासा सारखा वर येई, माझ्या तोंडात थोडं खारट-गोड पाणी ओती आणि गुणगुणे, "मामाले..." नदी हळूहळू चढत गेली. छाती भिजली, मांड्या भिजल्या. पाणी छान कोमट होतं.

कोमट?

डोळे उघडले. शर्ट ओला, पायजमा ओला, पाण्याचा जग रिकामा. मांडीवर गुड्डी, हातात चमचा.

"सुषमा, सारं पाणी सांडलं!"

"काहून ओरडतं?" ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. "तू घोरायले लागला, तसा पोरीनं चमचा धरला. एक तुले, एक तिले. गुपचूप पेली माय."

"मंग मले उठवलं काहून नाही?"

"तू जागा होता तवा एक घोट घेतला का तिनं?"

गुड्डी ओल्या चड्डीनिशी खाली उतरली आणि खिचडी मागू लागली. सुषमाने पदराने डोळे पुसले, पिशवी दारातून आत आणली. इतक्यात डॉक्टरांचा फोन आला. फोन कानाला लावून तिने गुड्डीच्या चड्डीकडे पाहिलं, मग माझ्या पायजम्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"लगवी झाली जी डॉक्टरसाहेब. पण गुड्डीले झाली का दादाले, थे पाहा लागन."