कामकाजातून न गाळलेलं वाक्य

कायदेमंडळाच्या लघुलेखन शाखेत त्यांना सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, आणि एकदा टोचलं की जागा सोडायच्या नाहीत. सत्तावीस वर्षं त्या सभागृहाच्या मधल्या मेजाशी बसून सदस्यांची भाषणं लघुलिपीत उतरवत होत्या. दहा मिनिटं लिहायचं, दुसरी लघुलेखिका आली की उठायचं आणि आत जाऊन टाइप करायचं. स्वतःचं मत दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून यायचं, असं त्या नव्या मुलींना शिकवत.

पण त्या आठवड्यात ते जमेना. शेजारच्या देशात तीन वर्षं यादवी पेटली होती. आपलं सैन्य तिकडे पाठवावं, असा ठराव सरकारने आणला होता आणि त्यावर दोन दिवस चर्चा व्हायची होती. टाचणीबाईंच्या थोरल्या भावाने फौजेत असताना अशाच एका परक्या यादवीत उजवा पाय गमावला होता. लग्नानंतर दोन वर्षांतच त्या माहेरी परतल्या, तेव्हापासून भाऊ, वहिनी आणि त्या असं तिघांचं घर होतं. कुबडीची टकटक ऐकतच त्यांचा दिवस उजाडायचा.

पहिल्या दिवशी कुणी म्हणालं, शेजाऱ्याचं घर जळताना आपण दाराला कडी लावून बसायचं का? कुणी म्हणालं, भावाभावांच्या भांडणात तिसरा पडला की दोघं मिळून त्यालाच बडवतात. टाचणीबाईंची पेन्सिल चालत राहिली. मग सत्ताधारी बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. बोलताबोलता त्यांचा आवाज चढला आणि ते म्हणाले, "आपली दोन-तीनशे पोरं कामी आली तरी एवढ्या मोठ्या देशाला काय फरक पडतो?"

पेन्सिलचं टोक मोडलं. त्यांनी दुसरी उचलली आणि वाक्य होतं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सदस्यांचा सचिव शाखेत आला. "बाई, एवढं एक वाक्य बदला. 'आपल्या वीरांच्या बलिदानाचं मोल मोठं आहे,' असं करा."

"व्याकरण सुधारता येतं," टाचणीबाई म्हणाल्या. "अर्थ फिरवता येत नाही."

शाखाप्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "अहो, कशाला विषाची परीक्षा? मला निवृत्तीला चार महिने राहिलेत."

"तुम्ही सही करू नका, सर. माझी आहे खाली."

तासाभराने सदस्य स्वतःच आले. बाईंना वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण ते समोरच्या खुर्चीत अवघडून बसले. "काल घरी गेलो तर सूनबाई जेवण वाढेना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिचा भाऊ फौजेत आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"मग सभागृहात उभं राहून सांगा, साहेब. तेही लिहून घेईन मी. शब्द न् शब्द."

ते उठून गेले. दुपारी मात्र ते सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली. विरोधकांनी टर उडवली. बाईंनी कंसात 'हशा' लिहिलं. ते लिहिताना त्यांना त्या माणसाची कीव आली.

संध्याकाळी ठराव अकरा मतांनी मंजूर झाला.

घरी आल्यावर त्यांनी पर्स आदळली. "दादा, पाठवताहेत. पुन्हा तेच."

भाऊ खिडकीशी भाजी निवडत होता. "बरं झालं," तो म्हणाला.

"तू म्हणतोस हे? तू?"

"पाय गेला त्याचं मला कधीच फार वाटलं नाही गं. तो नंतर गेला, सुरुंगावर. त्याआधी नऊ दिवस आम्ही पुलाच्या अलीकडे बसून होतो. पलीकडे जायचा हुकूम नव्हता. पलीकडचं गाव जळत होतं आणि बायका पाण्याशी येऊन आम्हाला हाका मारायच्या." त्याने शेंगेची शीर ओढून काढली. "जायचं तर धड जावं. नाहीतर जाऊच नये."

"आणि धड जाणार आहेत, हे कशावरून?"

"ते मला माहीत नाही."

वहिनीने दोघांपुढे चहा ठेवला. पाय गेल्यापासूनच्या पंधरा वर्षांत तिने नवऱ्याच्या तोंडून पुलाचं नावही ऐकलं नव्हतं. ती तिथेच खाली बसली. त्यानंतर बहीणभाऊ तासभर वाद घालत होते. कुणीही हटलं नाही, पण टाचणीबाईंना पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं त्या भावाच्या वतीने जे मत बाळगून होत्या, ते त्याचं नव्हतंच.

पहिली तुकडी भावाच्याच जुन्या पलटणीची होती. रविवारी सकाळी तो छावणीच्या फाटकाशी गेला आणि बाईही त्याच्याबरोबर गेल्या. कुबडीवर रेलून तो जवानांना सांगत होता, मोजे जास्त घ्या, पायवाट सोडून लघवीलासुद्धा जाऊ नका. जवान हसत होते, पण ऐकतही होते.

कुणाची तरी आई बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. भावाने ओळख करून दिल्यावर ती म्हणाली, "तुम्ही सभागृहात असता ना? मग परत कधी आणणार म्हणाले हो?"

दोन्ही दिवसांचा पूर्ण वृत्तांत टाचणीबाईंनीच तपासला होता, जवळजवळ सगळा पाठ होता. त्यांनी मनातल्या मनात पहिल्या भाषणापासून शेवटच्यापर्यंत पानं उलटली.

"ते कुणी बोललंच नाही," त्या म्हणाल्या.

त्या आईने मान हलवली. गाड्या सुटायला अजून अर्धा तास होता. दोघी फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या आणि टाचणीबाईंनी तिला मुलाबद्दल विचारलं.