चाळीसच्या आत

बडनेऱ्याहून भातकुलीकडे जाताना डाव्या हाताला काळ्या शेतात एक लाल-पांढरा मनोरा लागतो. त्याच्या पायथ्याशी दोन खोल्या, एक कडुनिंब आणि नत्थुजी भोंडे. 'रेडिओ कपाशी'चं अमरावतीत जे काही बोलणं-गाणं चालायचं ते या मनोऱ्यावरून अर्ध्या जिल्ह्यात पोचायचं, आणि वीज गेली तरी ते चालू ठेवायचं काम सव्वीस वर्षं नत्थुजींकडे होतं. उन्हाळ्यात वीज दिवसातून चारदा जायची. ती गेली रे गेली की नत्थुजी हातातला घास डब्यात टाकून उठायचे, मोठ्याने आकडे मोजत पलीकडच्या खोलीत शिरायचे आणि चाळीस म्हणायच्या आत जनरेटर धडधडायला लागलेला असायचा. सव्वीस वर्षांत रेडिओ चाळीस सेकंदांवर कधी मुका राहिला नाही. या गोष्टीचा त्यांना एवढा ताठा होता की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते बुंदी येईपर्यंत हेच सांगत बसायचे.

मग रेडिओला हिरवं व्हायची हौस आली. आधी ट्यूबलाइट गेल्या, एलईडी आले. कागदाचे चहाचे कप जाऊन स्टीलचे पेले आले आणि ते कोणी विसळायचे यावरून अमरावतीच्या ऑफिसात आठ दिवस अबोला चालला. स्टुडिओतला एसी सव्वीसवर आणून ठेवला. प्रणाली नावाची निवेदिका मानेवर ओला रुमाल टाकून 'आपला हिरवा रेडिओ' असं दर तासाला गोड आवाजात सांगायची, आणि माइक बंद झाला की काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. थट्टा बाजूला ठेवली तर काम मात्र खरं चाललं होतं. मनोऱ्याच्या आवारात सौर पट्ट्या बसल्या, पुढे बॅटऱ्या आल्या, डिझेल कमी कमी होत गेलं. कडुनिंबाच्या फांद्यांवरची कित्येक वर्षांची काजळी दोन पावसाळ्यांत धुऊन निघाली. नत्थुजींचा सकाळचा खोकलाही थांबला. आणि मागच्या वर्षी जूनमध्ये एक ट्रक येऊन जनरेटर घेऊन गेला.

ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा नत्थुजींचे डोळे भरले होते. संध्याकाळच्या पाळीचा गोपाल म्हणाला, जीव जडतो यंत्रावर. लोकांनी तसंच धरून चालायचं ठरवलं.

पण नत्थुजी यंत्रासाठी रडत नव्हते, भीतीने रडत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. सव्वीस वर्षं त्या धडधडीत उभं राहून कान गेले होते, तेही एकदम नाही, वरून खाली. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी, मग बायांचे आणि लेकरांचे आवाज. बाप्यांचा घोगरा आवाज अजून कळायचा. जनरेटर तर तळपायातून कळायचा. आणि त्या खोलीच्या शेजारी सगळेच ओरडून बोलायचे, हातवारे करायचे, दोनदा विचारायचे. तिथे बहिरा कोण आणि धड कानांचा कोण हे कोणाला उमगणार? जनरेटर गेला आणि लोक नत्थुजींशी साध्या आवाजात बोलायला लागले.

नत्थुजी सगळ्याला 'हो जी' म्हणायला शिकले. दुसरे हसले की हसायचे.

घरी बायकोला, जमुनाबाईला, सगळं ठाऊक होतं. दारी कोणी आलं की ती त्यांची बाही ओढायची. सांगून टाका म्हणून तिने वर्षभर त्यांच्या मागे लकडा लावला होता.

"कान गेले म्हंजे काय चोरी केली काय तुमी?" ती त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं म्हणायची. "सांगून काहून नाई देत?"

"अकोल्याच्या बंडूनं सांगतलं," नत्थुजी म्हणायचे. "त्याले शाल देली. मले शाल नाई पाहिजे."

अकोल्याच्या केंद्रातला जनरेटर आधी हलवला होता. तिथल्या बंडू तायडेने तपासणीत डोळ्यांना अंधारी येते असं खरं खरं सांगितलं, आणि महिन्याच्या आत शाल, नारळ आणि चौकटीतला फोटो घेऊन तो घरी बसला. आता तो दिवसभर दारात खुर्ची टाकून रस्ता पाहतो. नत्थुजींचे चौदा महिने राहिले होते. ते पुरे करायचे आणि आपल्या तारखेला, आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

बॅटऱ्यांवरचं नवं यंत्र समजावून द्यायला अमरावतीहून रश्मी मॅडम आल्या होत्या. तिशीच्या इंजिनिअर, हसऱ्या, आवाज बारीक. हिरवा दिवा म्हणजे ठीक. यंत्र तापलं किंवा बॅटरी बसली की लाल दिवा लागेल आणि अलार्म वाजेल. अलार्म वाजल्यावर दोन मिनिटांत खटका दाबला नाही तर रेडिओ बंद पडेल. दिव्याकडे बघत बसू नका, त्या म्हणाल्या, अलार्म शेतापर्यंत ऐकू जातो. मग त्यांनी तो वाजवून दाखवला. गोपालने कानात बोटं घातली, आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळ्याने घातली, मॅडमनी स्वतः घातली. नत्थुजींनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग आपलीही घातली.

"समजलं ना, नत्थुजी?"

"हो जी."

यंत्रावर चिकटवलेला सूचनांचा कागद वाचून त्या दिवसापासून नत्थुजी दिव्यासमोर स्टूल मांडून बसले ते बसलेच. पूर्वी ते आवारभर फिरायचे. कडुनिंबाखाली चहा प्यायचे, कुंपणाच्या कडेला मेथी लावायचे, शेजारच्या शेतातल्या खुशालरावांशी बांधावरून कपाशीच्या गोष्टी करायचे. आता दिव्यावरून नजर हलवायची सोय नव्हती. डबा मांडीवर घेऊन, दिव्याकडे बघत जेवायचे, त्यामुळे भाजीत केस आहे की कढीपत्ता हे तोंडात गेल्यावर कळायचं. मोरीवर जायचं तर मोजत. एक, दोन, तीन... चाळीसच्या आत परत. कधीकाळी जो आकडा मिशीला पीळ द्यायला होता त्याचाच आता दावणीचा दोर झाला होता. उघड्या दाराची, चारी बाजूंनी मोकळ्या शेतांची ती खोली, पण नत्थुजींना तिच्यात कोंडल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी गोपाल आला की मान इतकी आखडलेली असायची की सायकलवर बसून मागे वळून बघता यायचं नाही.

असे अकरा महिने गेले. राहिले तीन.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पारा पंचेचाळीसवर होता आणि वीज सकाळपासून गेलेली. दुपारी वावटळ उठली आणि नांगरलेल्या शेतांची सगळी माती उचलून सौर पट्ट्यांवर टाकून गेली. बॅटरीचा काटा उतरायला लागला. पट्ट्या पुसल्या नाहीत तर तासाभरात रेडिओ बंद पडणार होता. पुसायला बाहेर गेलं तर दिवा दिसणार नव्हता. दुसरा कोणी असता तर पाइप उचलून गेला असता आणि कान खोलीकडे ठेवला असता.

नत्थुजींनी मोजत पुसायचं ठरवलं. चाळीस मोजेपर्यंत पट्ट्यांवर पाणी, मग पळत दाराशी, हिरवा, पुन्हा बाहेर. साठीला टेकलेला माणूस भर उन्हात असा ये-जा करत होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला नळावरून पाइप सुटला. तो बसवता बसेना, पाणी डोळ्यांत गेलं, हात चिखलाने निसटायला लागले, आणि नत्थुजींचं मोजणं चुकलं. किती झाले, वीस की साठ? पाइप बसला तसं त्यांना वाटलं, एवढी ओळ उरकून टाकू.

खांद्यावर हात पडला तेव्हा ते दचकले. खुशालराव बांध ओलांडून आले होते. त्यांचा रेडिओ मुका झाला होता म्हणून ते सेल बदलत बसले होते, आणि मग त्यांना अलार्म ऐकू आला होता.

"तुमचं यंत्र कवाचं बोंबलून राहिलं, नत्थुजी," ते म्हणाले. "आयकू नाई येत काय तुमाले?"

दिवा लाल होता. नत्थुजींनी खटका दाबला, तो हिरवा झाला. यंत्रावरच्या आकड्यांनी सांगितलं, रेडिओ अकरा मिनिटं बंद होता. ते तसेच खाली फरशीवर बसले आणि खुशालरावांसमोर तोंड झाकून रडले. खुशालरावांनी माठातलं पाणी दिलं आणि पाइप उचलून उरलेली ओळ धुवायला ते स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी रश्मी मॅडम आल्या. चेहरा उतरलेला. अमरावतीचे मोठे साहेब सकाळपासून फोनवर होते. हिरवं-बिरवं पुरे, यंत्र बेभरवशाचं असेल तर डिझेल परत आणू, असं त्यांचं म्हणणं पडलं होतं. मॅडम यंत्राचं झाकण उघडून, नत्थुजींकडे पाठ करून तारा तपासायला लागल्या. तपासता तपासता काहीतरी विचारत होत्या. नत्थुजींना पाठीची हाडं दिसत होती, शब्द एकही नाही.

"हो जी," ते म्हणाले. पुन्हा काहीतरी आलं. "हो जी."

मॅडमनी टेबलाशी बसून एक कागद लिहिला आणि सहीसाठी पुढे सरकवला. नत्थुजींनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की केंद्रावरील कर्मचारी श्री. भोंडे यांच्या सांगण्यानुसार अलार्म वाजलाच नाही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. खाली फक्त सही करायची होती. मग यंत्र सदोष ठरणार, जनरेटर ट्रकमधून परत येणार, तळपायाला ती ओळखीची धडधड लागणार आणि सगळे पुन्हा ओरडून बोलणार. कडुनिंबाखाली चहा पिता येईल. तीन महिने तर डोळे मिटून निघतील. त्यांना ते इतकं हवंसं वाटलं की हात पेनाकडे गेलाही. मग त्यांनी समोर पाहिलं. मॅडम खिडकीतून त्या धुतलेल्या कडुनिंबाकडे बघत होत्या, चार वर्षांचं काम पाण्यात गेलेल्या माणसासारख्या.

नत्थुजींनी पेन उचललं, 'वाजलाच नाही' हे शब्द खोडले आणि शेजारी सावकाश अक्षरात लिहिलं: वाजला. मला ऐकू आला नाही. मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. मग सही केली.

मॅडमनी वाचलं. मग खुर्ची ओढून अगदी समोर आल्या आणि ओठ दिसतील असं बोलल्या.

"मला माहीत होतं, नत्थुजी. अलार्म वाजवला त्या दिवसापासून. तुम्ही आमच्याकडे पाहून बोटं घातली होती. पण एक माणूस हे केंद्र चालवू शकतो असं मला लिहून द्यायचं होतं. विचारलं असतं तर काम अडलं असतं. आज दोष यंत्रावर घातला तो तुमचे तीन महिने निघावेत म्हणून."

नत्थुजींना यातला शब्द न शब्द कळला. आणि त्यांना राग आला, असा की कानशिलं तापली.

"मंग बोलाचं नाई काय?" ते म्हणाले. "वर्षभर बांधून बसलो म्या इथं. मोरीवर बी मोजून गेलो."

डोळे पुसून मॅडम एवढंच म्हणाल्या की हा कागद गेल्यावर तुम्हाला इथे ठेवणार नाहीत, आणि आवारभर दिसेल असा दिवा किंवा फोनला थरथर जोडायचं काम वर्षापूर्वी एका दिवसात झालं असतं, हेही मी त्याच कागदावर लिहिणार आहे.

"मले मालूम हाये," नत्थुजी म्हणाले. "शाल आणतीन."

मग मॅडम उठल्या आणि दिव्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या. हाताने बाहेर कडुनिंबाकडे दाखवून म्हणाल्या, "जा, चहा पिऊन या. मी बघते."

नत्थुजी थर्मास घेऊन बाहेर आले. सवयीने मोजणं आपोआप सुरू झालं होतं. कडुनिंबापाशी पोचेपर्यंत तीस झाले. चहा ओतला, अडतीस झाले. एकोणचाळीस, चाळीस, आणि पाय खोलीकडे वळले. दारातून मॅडमची पाठ दिसत होती, मान दिव्याकडे. नत्थुजी खाली बसले, पाठ खोडाला टेकवली आणि म्हणाले, एक्केचाळीस. बेचाळीस. शंभरच्या पुढे कुठेतरी त्यांनी मोजायचं सोडलं आणि चहा प्यायला.