विषय क्रमांक सात

मी आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी. प्रभुभोजनाच्या रविवारी अंथरुणाला खिळलेल्यांची यादी मी करते. उपासना संपली की पाळकसाहेब ती यादी खिशात घालतात, भाकर आणि प्याले डब्यात घेतात आणि मोटरसायकलवर घरोघर जातात. यादीत नाव नसेल त्या घरी जात नाहीत. ही पद्धत मीच घालून दिली. त्याआधी एखादं म्हातारं माणूस राहून जायचं.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं नाव मी त्या यादीत घातलं नाही.

तिच्या लेकीनं हिंदू मुलाशी लग्न केलं. ताई मांडवात बसली, कुंकू लावून घेतलं. आमच्याकडे त्याला नियम आहे. मंडळीपुढे पश्चात्ताप कबूल करेपर्यंत प्रभुभोजन बंद; याला आम्ही शिस्तीखाली ठेवणं म्हणतो. ताईबद्दलच्या ठरावाचं अक्षर माझं आहे.

पुढे ताईला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा लेक-जावयानं तिला इथेच जालन्यात, मस्तगडला आपल्याकडे आणलं. मी गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. सोबत एक पत्रही टाइप करून नेलं होतं.

“सेक्रेटरीबाई, हे काय आणलं?”

“सही कर. बाकीचं मी बघते.”

तिनं चष्मा मागितला आणि सावकाश वाचलं. “लेकीच्या लग्नात बसल्याचा पस्तावा झाला, असं लिहिलंय. मला तर न्हाई झाला. जावई रोज पाय दाबून राह्यला माझे.”

“ताई, नुसतं लिहायचं आहे.”

“मंग खोटं बोलू नको ही कितवी आज्ञा गं?”

“नववी.”

“बराबर. तूच शिकवती ना पोरांना.” ती हसली आणि खोकत राहिली. “माझी दुसरी पापं लिही की. लई आहेत. त्यांच्यावर बिलकुल सही करते. पण रविवारी मला भाकर पाहिजे.”

“बघते,” मी म्हणाले.

माझ्या ‘बघते’चा अर्थ होता, बुधवारच्या पंचांच्या सभेत हा विषय घेते. कार्यक्रमपत्रिकेत तो मी लिहिलाही, क्रमांक सात, कबरस्थानाच्या कुंपणानंतर. ताईला वाटलं, पाळकसाहेब रविवारी येणार.

रविवारी दुपारी जावयाचा फोन आला. “मावशी, फादर अजून आले न्हाईत. मी कवाचा गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. आईंनी सकाळपासून काही खाल्लं न्हाई. स्टुलावर पांढरं कापड टाकायला लावलं मला.”

पाळकसाहेब त्या वेळी मस्तगडमध्येच होते, दोन गल्ल्या पलीकडे. यादीतलं चौथं नाव. क्रम मीच लावला होता. एक फोन करायचा होता.

“त्यांना जेवू घाला,” मी म्हणाले. “सभा झाली की येतील.”

मंगळवारी पहाटे ताई गेली.

मातीहून परतताना मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते कबरस्थानाच्या फाटकापाशी थांबले.

“बाई, फोन का नाही केलात? मी गेलो असतो.”

“ती शिस्तीखाली होती.”

“म्हणूनच गेलो असतो.”

त्यांचं उपदेशातलं म्हणणं मला पाठ आहे. नियमशास्त्र, म्हणजे त्या दहा आज्ञा, माणसानं पास व्हावं म्हणून दिलेलंच नाही. आपण पुरे पडत नाही हे त्यातून कळावं आणि माणसानं रिकामा हात पुढे करावा, यासाठी ते आहे. मी ते वहीत उतरवून घेतलं आहे, मुलांना शिकवलं आहे. पण झोपण्याआधी दहा आज्ञा एकेक करून तपासायची माझी जुनी सवय, आणि माझ्या दहाही बरोबर यायच्या. हात पुढे करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. ताईनं केला होता, आणि मी तिच्या हातात कागद दिला.

बुधवारी सभा झाली. विषय सात मी स्वतःच्या हातानं खोडला. कुंपणाचा ठराव मंजूर झाला.

आता नियमानं मला जे दाखवायचं ते दाखवून झालं आहे. त्यानंतर माणूस क्षमेकडे जातो, असं मी शिकवत आले. मला जाता येत नाही. प्रभुभोजनाला तबक माझ्या रांगेत येतं, मी ते शेजारणीकडे सरकवते. वर्ष झालं. कोणी विचारत नाही, कारण प्रभुभोजन घेणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे.